न विचारणारी फाईल

"मग चाचा, उद्या मी एकटी जाऊ की नको?"

शाल्मलीने पुन्हा विचारलं.

मिरजेत माझ्या वायरच्या दुकानाला लागूनच मुजावरचाचांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. शाल्मली त्यांची शागीर्द. पोरगी हुशार, आणि हे तिला कुणी सांगावं लागत नसे. उद्या एका दवाखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घालायचं होतं. ते काम चाचांनी आपल्या एकटीवर सोडावं, एवढंच तिचं म्हणणं.

चाचा स्क्रू पिळत राहिले. त्यांच्या मशीनवर सतार वाजत होती.

त्यांचे अब्बा सतारी बनवायचे. अब्बांनी जुळवलेल्या सतारींचे आवाज चाचांनी टिपून ठेवले होते. अब्बा गेले. आवाज रोज दुकानात येऊन बसायचे.

"हाताने घालशील?" चाचांनी विचारलं.

"तुमच्यासारखं?" ती हसली.

आता चाचांची रीत अशी, की लिनक्स घालताना पडद्यावर आलेला प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा, समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारखा. मग जरा थांबायचं. मगच उत्तर द्यायचं.

"चाचा, तसं करत बसले तर तिथेच म्हातारी होईन. मी फाईल बनवलीय. सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलीत. पेनड्राइव्ह लावायचा, एंटर दाबायचं, चहा प्यायचा. मशीन काही विचारतच नाही."

"काहीच नाही?"

"अजिबात नाही."

चाचांनी सतार थांबवली. मशीन बंद केलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

"याच्यावर घाल."

तिने झोकात पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं. बोट एंटरवर नेलं…

दुकानात एकदम शांत झालं होतं. सतार नव्हती ना.

बोट तिथेच राहिलं.

"चाचा… ते अब्बांचे आवाज?"

"याच्यातच होते."

"होते?"

"आहेत. अजून."

मी गल्ल्यावरून उठून चाचांच्या दारात आलो. इतकी वर्षं धंदा केला, समोरच्याचा सौदा मोडला की मला चेहऱ्यावरून कळतं. म्हटलं, गेलं पोरीचं उद्याचं काम.

तिने बोट मागे घेतलं. अगदी चाचांच्या सुरात, शब्द शब्द सुटा करत म्हणाली, "या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुसू का?"

चाचांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर असा काही प्रश्न नव्हता.

"हे तुझी फाईल विचारतेय?"

"नाही…" ती खाली मान घालून म्हणाली, "मी विचारतेय."

चाचांनी पेनड्राइव्ह काढला, कुडत्याच्या टोकाने पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"उद्या एकटी जा. हीच फाईल घेऊन जा."