हातोड्याची नाडी

एका दगडखाणीवर एकदा एक शिष्य संशोधनासाठी आला. भर उन्हात खडी फोडणाऱ्यांच्या हृदयावर किती ताण पडतो, हे त्याला मोजायचे होते. छातीला चिकटवायच्या ईसीजीच्या तारा घामाने निसटत, कामगारही अवघडत; म्हणून त्याने मनगटी घड्याळे निवडली. महिन्याभराने त्याने अहवाल दिला: 'काम करताना ठोके मिनिटाला नव्वदच्या आत. ताण सौम्य.' तो वाचून मालकाने दुपारची दोन तासांची विश्रांती अर्ध्या तासावर आणली. चौथ्या दिवशी यल्लप्पा नावाचा कामगार काम करता करता कोसळला आणि गेला. त्याच्या घड्याळातली शेवटची नोंद शहाऐंशी होती.

"हृदयाचा दोष नसावा, सर," शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना म्हणाला. "आकडे स्वच्छ आहेत."

गुरू त्याला घेऊन खाणीवर गेले. एक ओले फडके त्यांनी हातोड्याच्या दांड्याला घट्ट गुंडाळले, त्यावर घड्याळ बांधले आणि एका बाईला नेहमीसारखी खडी फोडायला सांगितले. थोड्या वेळाने घड्याळाने आकडा दाखवला: अठ्ठ्याऐंशी.

"आमच्यापरीस ह्याचीच तब्येत बरी हाय," बाई म्हणाली. कुणी हसले नाही.

"आता यांची नाडी धर," गुरू म्हणाले.

शिष्याने मोजली. पंधरा सेकंदांत चाळीस ठोके, म्हणजे मिनिटाला एकशे साठ.

"हे घड्याळ त्वचेवर उजेड टाकून रक्ताची हालचाल टिपते. हात सारखा आपटत असला, की ते त्या हादऱ्यांचीच लय धरते. तू महिनाभर हातोड्याचे घाव मोजलेस. आधी कुणावर पडताळले होतेस?"

"स्वतःवर. ईसीजीशी तंतोतंत जुळले होते."

"बसून?"

"खुर्चीत."

"खुर्चीत ते खरेच सांगते. पण यंत्र जिथे वापरायचे तिथेच, त्याच कामात, त्याच घामात पडताळावे लागते. तार निसटली तर निदान नोंद तुटलेली दिसते. याने आकडा दिला, म्हणून तू कुणाच्या मनगटाला हात लावला नाहीस."

शिष्याने विचारले, "त्या नोंदी फाडून टाकू?"

"नको. त्या कशाच्या होत्या, ते प्रत्येकीखाली लिही. आधी मालकाकडे जा."

शिष्याने सगळे सांगितल्यावर मालकाने अहवाल पुढे सरकवला. "सही तुमचीच ना?"

"माझीच," शिष्य म्हणाला आणि त्याने उभ्याउभ्याच त्यावर रेघ मारली.

दोन तासांची विश्रांती परत मिळाली. यल्लप्पाच्या घरी हे सांगायला शिष्य एकटाच गेला.