सात बिळं, एकच ओढा

ओढ्याला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. त्याच्या काठी भागा नावाची घूस राहायची. काठावरचं धान्य टपोरं, म्हणून पिल्लांच्या हिवाळ्यासाठी तिनं तिथेच सात बिळं भरली होती.

शेजारची चिमी उंदरीण मात्र निम्मं धान्य काठाला ठेवून निम्मं वर खडकाळ माळावर नेई. माळावर मुंग्या त्यातला वाटा काढत.

"अगं, पोरांना पोसतेस की मुंग्यांना?" भागा हसली. "माझं एक बीळ गेलं तरी सहा उरतात."

"सहाही ओढ्याशेजारीच ना, मावशी? ओढा आणि मुंग्या एकाच दिवशी नाही यायच्या."

सुगी संपल्यावर अवकाळी पाऊस कोसळला. ओढा चढला आणि भागाची सातही बिळं बुडाली. चिमीचंही काठावरचं धान्य गेलं.

भिजलेली पिल्लं घेऊन भागा माळावर आली. चिमीनं मुंग्यांनी शिल्लक ठेवलेलं धान्य त्यांच्यापुढे सारलं. पिल्लं खाऊ लागली तशी भागा तिथेच जमीन उकरू लागली.

"आता सातही बिळं इथेच!"

"थांब मावशी," चिमी म्हणाली. "तू अजून मुंग्यांचं वर्ष पाहिलेलं नाहीस."