मागच्या खोलीतला धडा

“...पण आप्पा, जिला काही कळतच नाही, तिला शिकवायचं तरी काय?”

मन्मथ उभ्यानंच विचारत होता. मठाचा कारभार बघणारे आप्पा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

आप्पांनी फोलपटं बाजूला टाकली.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शांभवी होती. नऊ वर्षांची. तिची आई सुलोचना मठात भाकऱ्या करायची. शांभवी आप्पांनी टाकलेली फोलपटं उचलून एकापुढं एक मांडत होती. हाक मारली तर ती बघत नसे. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून ‘स्वमग्न’ असा शब्द सांगितला होता. हे वेड नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे, तिचं मन जन्मापासून वेगळ्या रीतीनं चालतं. दर गुरुवारी घेऊन या, असं म्हणाल्या होत्या.

मन्मथला तो शब्द पटला नव्हता. तो बी.एड. होता. मठाच्या शाळेतली चाळीस मुलं त्याच्या एका नजरेनं गप्प होत. येत्या महिन्यात आप्पा शाळा त्याच्या हाती देणार, असं सगळे धरून चालले होते. तो स्वतःही.

“आठ महिने मी तिला नुसतं ‘नमः शिवाय’ शिकवतोय. पाच अक्षरं, आप्पा. त्यातलं एक उमटलं नाही. भिंतीला शिकवलं असतं तर भिंत बोलली असती.”

“कुठं शिकवतोस?”

“मागच्या खोलीत. दार लावून. म्हणजे लक्ष इकडंतिकडं जात नाही.”

“हं.”

“सुलोचनाबाईंना मी मार्ग सांगितलाय. पलीकडच्या डोंगरावर देवाचं एक ठाणं आहे. असली मुलं तिथं महिनाभर खांबाला बांधून ठेवतात... सुधारतात म्हणे. तीनच्या गाडीनं निघतायत दोघी. तुमचा आशीर्वाद तेवढा पाहिजे.”

पायरीवर सुलोचनाचं गाठोडं बांधून तयार होतं. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. हातातली शेंग तशीच राहिली.

तेवढ्यात आत सुलोचनाच्या हातून परात निसटली. शहाबादी फरशीवर ती गरगरत राहिली, कितीतरी वेळ.

शांभवीनं दोन्ही कान घट्ट दाबले. ती पुढंमागं डुलायला लागली... आणि बोलली.

“बघ. इकडं बघ. बघ म्हणतो ना.”

सुलोचना दारात येऊन उभी राहिली. पिठाचे हात तसेच. लेकीच्या तोंडून सलग एवढे शब्द तिनं कधी ऐकले नव्हते. तिचा चेहरा उजळला.

“हात पुढं कर. दुसरा. रडतीस? रड. कोण ऐकतंय इथं?”

आवाज मुलीचा वाटत नव्हता. खर्जातला होता, तोडून तोडून बोलणारा, कुणाचातरी ऐकून जसाच्या तसा उचललेला.

“तुझ्या आईनं तुला जन्मल्या जन्मल्या विहिरीत टाकायला पाहिजे होतं. तिची सुटका झाली असती... आमचीही.”

सुलोचनानं दाराची चौकट धरली.

मन्मथ संतापानं लाल झाला. “हे कोण बोललं हिला? आप्पा, एवढ्याशा पोरीला असं कोण बोलू शकतं? मला नाव कळू द्या त्याचं.”

तो खरंच विचारत होता.

शांभवी थांबली. दोनदा हलकेच खाकरली.

“चल. पुन्हा म्हण. नमः शिवाय.”

पाचही अक्षरं स्वच्छ होती.

शिकवायला सुरुवात करताना असं दोनदा कोण खाकरतं, ते मठातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

...

मन्मथचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. आप्पांकडं बघायचा त्याला धीर झाला नाही.

“मास्तर,” सुलोचना म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुम्ही तर म्हणला हिला कळत नाही.”

मन्मथ तसाच पुढं झाला, गुडघ्यांवर बसला आणि शांभवीची पावलं दोन्ही हातांनी धरून त्यानं कपाळ टेकलं.

शांभवी किंचाळली. अंग चोरत भिंतीपर्यंत सरकली. मांडलेली फोलपटं उधळली.

“हात काढ,” आप्पा म्हणाले.

“मी क्षमा मागतोय, आप्पा...”

“आधी हात काढ.”

त्यानं हात काढले. ते कुठं ठेवावेत, त्याला समजेना.

सुलोचना येऊन लेकीपासून दोन हातांवर बसली. जवळ घेतलं नाही. एक फोलपट उचलून जमिनीवर ठेवलं आणि वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं शांभवीनं कानावरचा एक हात काढला. दुसरं फोलपट त्याच्यापुढं ठेवलं.

फाट्यावर तीनच्या गाडीचा हॉर्न वाजला. कुणी उठलं नाही.

“मला शिक्षा द्या,” मन्मथ म्हणाला.

“ते दार मीही रोज बघत होतो,” आप्पा म्हणाले. “बंद असायचं. आत काय चाललंय, मी एकदाही विचारलं नाही. मी कुठल्या तोंडानं शिक्षा देऊ?”

मग त्यांनी हात पुढं केला. मन्मथनं कनवटीची शाळेची किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“आता कुठल्याही पोराला तू शिकवायचं नाहीस. ते मागचं दार काढून टाक. बिजागऱ्यांसकट.”

मन्मथ गेला.

आप्पा सुलोचनाकडं वळले. “गुरुवारी मी येतो तुमच्याबरोबर. त्या डॉक्टरीणबाई काय सांगतात, ते मलाही शिकायचंय.”

सुलोचनानं मान हलवली. मग गाठोड्याची गाठ सोडली, लेकीचे दोन झगे काढले आणि झटकून पुन्हा दोरीवर टाकले.

मागून ठोकल्याचे आवाज येत राहिले. शांभवीनं कान दाबलेले बघून आप्पा स्वतः उठून गेले आणि मन्मथच्या हातातला हातोडा त्यांनी काढून घेतला. मन्मथनं पुढचे खिळे पकडीनं एकेक करून उपटले, आवाज न करता. दिवस कलायला आला तेव्हा कुठं दार निघालं. त्याची बोटं सोलवटली होती.

तो ओट्याजवळ आला, पण वर चढला नाही. शांभवी आईच्या शेजारी बसून भाकरी खात होती, दुसरीकडं बघत.

“आप्पा...”

“बोल.”

“लहान आहे ती अजून... कधीतरी विसरेल ना हे सगळं?”

आप्पांनी त्याच्या सोलवटलेल्या बोटांकडं पाहिलं.

“दोघांतल्या एकाचं तर विसरून झालंय, मन्मथ.”