शेठचं उघडं कुलूप

"नक्षी वाटेत कुणाला दिसता कामा नये, माझी किल्ली गळ्यातून निघणार नाही, आणि तरी नक्षी तलकचंद शेठना मिळालीच पाहिजे! वीस दिवसांत जमलं नाही, तर तुळाजी, तुझी कोठीची चाकरी संपली!"

राजे हैबतराव गरजले आणि म्हाताऱ्या तुळाजी कोठीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याचं झालं असं, की राजांच्या विणकरांनी पदराची नवी नक्षी काढली, की तिच्या नकला त्याच दिवशी राज्याच्या चारही चौक्यांवरच्या पेट्यांत जात. एका ठिकाणी आग लागली तरी नक्षी शाबूत! पण एवढ्या हातांतून जाताना कुणीतरी डोकावलंच. राणीसाहेबांनी नेसण्याआधीच त्यांचा मोराचा पदर बाजारात मिरवू लागला! तेव्हापासून सगळ्या पेट्यांना एकाच किल्लीची कुलपं, आणि ती किल्ली राजांच्या गळ्यात. अंघोळीलासुद्धा काढत नसत, म्हणजे बघा! आणि आता सहा दिवसांच्या वाटेवरच्या बऱ्हाणपूरहून तलकचंद शेठनी लेकीच्या लग्नासाठी कमळाची नक्षी मागितली होती.

प्रधान म्हणाले, "शेठना किल्लीची नक्कल धाडू."

"म्हणजे माझ्या सगळ्याच पेट्या त्यांच्या! वा प्रधानजी, अक्कल कुठे गहाण ठेवलीत?"

तुळाजीची लेक येसू दाराशी उभी होती. लोहाराघरी दिलेली पोर. सासरी दिवसभर कुलपंच घडत. बापाचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. ती पुढे झाली.

"सरकार, तुमची किल्ली राहू द्या गळ्यात. शेठकडून एक उघडं कुलूप मागवा."

"उघडं कुलूप? आणि त्याची किल्ली?"

"ती शेठनी आपल्या कनवटीलाच ठेवावी."

सगळा दरबार खो खो हसला. "आणि वाटेत कुणी कुलूप चोरलं तर?" राजांनी विचारलं.

"चोरू द्या की! दुसरं मागवू. नुसत्या कुलपात काय नक्षी असते?"

बाराव्या दिवशी स्वार कुलूप घेऊन परतला. राजांनी आपल्या हातानं पेटी उघडली, कमळाची तेवढी नक्कल काढून लोखंडी डब्यात घातली आणि डब्याला शेठचं कुलूप अडकवलं.

"आता दाबा सरकार," येसू म्हणाली. "हे मिटवायला किल्ली लागत नाही."

खट्ट!

लगेच राजांना हुक्की आली. "थांबा, एकदा शेवटचं बघू दे!" त्यांनी गळ्यातली किल्ली घातली. फिरेना. हिसडा दिला, प्रधानांना डबा धरायला लावलं, मिशा घामानं ओल्या झाल्या.

"अगं, राज्य माझं, डबा माझा, नक्षी माझी, आणि मलाच उघडेना?"

"सरकारांनाच उघडेना," येसू म्हणाली, "मग वाटेतल्या कुणाला उघडणार?"

राजे असे हसले, असे हसले, की गळ्यातली किल्ली नाचायला लागली! डबा घेऊन स्वार बऱ्हाणपूरला निघाला, तुळाजीची कोठी त्याच्याकडेच राहिली आणि येसूला मोराच्या पदराचं लुगडं जाहीर झालं.

"डब्यात घालून घरी धाडतो!" राजे म्हणाले.

"नको नको, सरकार!" येसू घाईघाईनं म्हणाली. "बक्षीस तेवढं उघड्या ताटातून द्या!"