कासवआजीचं पेरू काढायचं यंत्र

माणसांच्या कितीतरी आधी प्राणी यंत्रं बनवत, त्या काळातली ही गोष्ट. रानातल्या शाळेत मोठ्या वर्गाची स्पर्धा लागली. म्हाताऱ्या कासवआजीला झाडावरचे पेरू काढून देणारं यंत्र बनवायचं होतं.

चिंगी खार आणि भोजू साळिंदर यांनी मिळून बांबू आणि वेली जोडायला घेतल्या.

"आधी आजीला विचारून येऊ या का?" भोजू म्हणाला.

"तिला यंत्रातलं काय कळतंय?" चिंगीनं त्याला उडवून लावलं.

स्पर्धेच्या दिवशी चिंगीनं टुणकन यंत्रावर उडी मारून दोरी ओढली आणि पाच पेरू टपाटप खाली आले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"छान!" बगळेगुरुजी म्हणाले. "आता आजी चालवतील."

आजीनं मान ताणली, पाय ताणले, पण दोरी कुठली हाताला लागायला! चिंगीचं तोंड एवढंसं झालं. ती खाली उतरून आजीजवळ आली.

"आजी, तुला कसं जमेल गं?"

"मला ओढता येत नाही, बाळा. पण पाठीनं रेटता येतं."

चिंगी आणि भोजूनं झटपट दोरी काढून जमिनीलगत एक फळी बसवली. तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी वाजली आणि बक्षीस स्पर्धेतल्या दुसऱ्या गटाला, माकडांना गेलं. तरीही आजीनं फळी रेटलीच. पिकलेला पेरू थेट तिच्या पाठीवर धप्पकन आदळला.

भोजू घाबरला. चिंगी मात्र आजीशेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, पेरू कुठे पडला तर तुला बरं?"