फळीवरची वीतभर जागा

नकाशे काढणाऱ्यांच्या हातून जी गावं निसटली, त्यांतल्याच एका गावात एक रंगारीण राहत होती. गाव लहान, पण लांबून ओळखू यायचं. गावाच्या खालच्या अंगाला दोऱ्यांवर निळी कापडं फडफडत असायची आणि ओढ्याचं पाणी दुपारनंतर निळसर व्हायचं. ती सगळी निळाई या एकाच घरातून यायची.

घरात माणसं तीन. रंगारीण, तिचे बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे तिची आत्या. बाबांचा खांदा कामातून गेला होता. आत्याचे हातपाय धडधाकट होते, पण तपकीर ओढून ओढून तिच्या नाकाला वास म्हणून कळत नव्हता. त्यामुळे अंगणातला निळीचा रांजण रंगारणीच्याच भरवशावर होता.

या रांजणाचं मोठं नाजूक काम. नीळ, चुना आणि गूळ घालून आंबवलेलं ते पाणी जिवंत असतं. त्याला रोज ढवळावं लागतं, उबेत ठेवावं लागतं, आणि आज गूळ हवा की चुना हे वासावरून ओळखावं लागतं. पणजीनं लावलेलं ते विरजण घरानं दह्यासारखं पिढ्यान्‌पिढ्या जपलं होतं.

रंगारीण लहानपणी हुशार निघाली, म्हणून बाबांनी तिला दूरच्या नगरीत शिकायला धाडलं होतं. तिथे एक मोठी ग्रंथशाळा होती. एका लांबच लांब फळीवर मुलखातल्या गावागावांचे ग्रंथ उभे होते. गाव कसं वसलं, विहीर कुणी खणली, तिथली माणसं काय खातात, कशाला हसतात, सगळं त्यांत लिहिलेलं. तिनं आपलं गाव शोधलं. दोन जाड ग्रंथांच्या मधे वीतभर जागा रिकामी होती.

"इथे काय असतं?" तिनं ग्रंथपालांना विचारलं.

"तुमच्या गावाचा ग्रंथ," ते म्हणाले. "कुणी लिहिला तर."

तिनं त्या जागेत हात घातला. हाताला नुसती धूळ लागली. शिक्षण संपल्यावर तिच्या बरोबरीचे सगळे नगरीतच राहिले. ती मात्र गाठोडं उचलून गावी परतली. वाटभर तिच्या मनात एकच होतं. आपलं गाव कुणी वाचलंच नाही, तर ते असून नसल्यासारखंच. तो ग्रंथ मी लिहिणार.

घरी आल्या आल्या तिनं कागद आणले, बोरू तासले, शाई केली. आणि दुसऱ्या दिवशीपासून हात पुन्हा निळे झाले. सकाळी रांजण, मग कापडं, मग ओढा. संध्याकाळी लिहायला बसावं तर कधी आत्याला ताप, कधी शेजारचं बारसं, कधी बाबांचा खांदा शेकायचा.

"एवढा हंगाम सरू दे," ती म्हणायची. "जरा मोकळी झाले की बसतेच."

हंगाम सरला. दुसरा आला. कागदांवर चार ओळी होत्या, त्याही पावसाळ्यात ओल लागून पसरल्या होत्या.

मार्गशीर्षात मीठ लादलेले बैल घेऊन एक व्यापारी गावात आला. नगरीची वाट त्याची नेहमीची. त्यानं ग्रंथपालांचा निरोप आणला होता. "नवे ग्रंथ पाडव्याला फळीवर चढतात. तुमचा येतो आहे का, असं विचारलंय त्यांनी."

रंगारणीनं त्या चार ओळी काढून पाहिल्या. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून माळ्यावर बसते. ग्रंथ होईपर्यंत खाली यायची नाही."

"आणि लघवीला?" आत्यानं विचारलं.

"आत्या, मी थट्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय? आणि रांजण?"

"सकाळ-संध्याकाळ ढवळायचा. वाटीभर गूळ, चिमूटभर चुना. आठ-पंधरा दिवस काही होत नाही त्याला. मला फक्त कुणी हाक मारायची नाही. काही झालं तरी."

आत्यानं तपकिरीची डबी उघडली, पुन्हा मिटली. बाबा म्हणाले, "जा पोरी. लिही. आम्ही आहोत."

माळ्यावर पहिला दिवस सोन्यासारखा गेला. बोरू थांबेना. दुसऱ्या दिवशी तिनं काळाच्या प्रवाहाबद्दल लिहिलं, तिसऱ्या दिवशी मातीच्या महतीबद्दल. शब्द मोठे, वाक्यं लांब. आत्या दाराशी ताट ठेवून मुकाट्यानं खाली जायची. कागदांचा गठ्ठा वाढत होता आणि रंगारणीला वाटत होतं, मी उगाच इतके दिवस घालवले. असं आधीच बसायला हवं होतं.

मग एका दुपारी तिला आठवडी बाजार लिहायचा होता. बांगडीवाली बाजारात काय ओरडते बरं? तिला सूर आठवेना. विहिरीवर कोण कुणाशी भांडतं, आणि मिटतं कसं? तेही धड आठवेना. तिनं ठोकून दिलं, "बाजार गजबजलेला असे." पुढे हात चालेना, म्हणून तिनं गठ्ठा पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतला.

वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. त्यात काळ होता, माती होती, आकाश तर पानोपानी होतं. फक्त तिचं गाव नव्हतं. वरचं नाव खोडून दुसऱ्या कुठल्याही गावाचं घातलं असतं, तरी कुणाला कळलं नसतं.

ती उठली आणि कितीतरी दिवसांनी खाली निघाली. जिन्याच्या अर्ध्यावरच तिला वास आला. गोडसर, कुजका. ती धावत अंगणात गेली. रांजणावर रोज तांब्यासारखी चकाकणारी साय असायची, ती नव्हती. फेस नव्हता. तिनं एक चिंधी बुडवून काढली. चिंधी मळकट राखाडी निघाली आणि तशीच राहिली.

बाबा ओट्यावर बसले होते. आत्या काठी हातात घेऊन रांजणाशी उभी होती. तिनं खरोखर सकाळ-संध्याकाळ ढवळलं होतं. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. पण थंडी वाढली होती, रांजणाला जास्त ऊब हवी होती, त्याचा वास बदलला होता. आत्याच्या नाकाला ते कळणार कुठून?

"रंग उतरतोय हे मला दिसत होतं, पण काय घालावं ते कळेना," बाबा हळूच म्हणाले.

"मग हाक का नाही मारलीत?"

"तूच म्हणालीस, काही झालं तरी मारायची नाही."

पणजीचं विरजण तिच्या पिढीत मेलं होतं. माघात कुंभाराच्या लेकीचं लग्न होतं आणि तिचं निळं लुगडं याच रांजणातून निघायचं होतं. ती वर गेली, कागदांचा गठ्ठा उचलून खाली आणला आणि चुलीशी बसली.

"झालं माझं लिहिणं," ती म्हणाली. "यापुढे फक्त रांजण. पुन्हा बोरूला हात लावायची नाही."

ती पहिलं पान चुलीत सारणार, एवढ्यात आत्यानं तिचं मनगट धरलं.

"आणि त्या फळीवरच्या भोकाचं काय?"

"तुला काय करायचंय त्याचं? तुला वाचता तरी येतं का?"

"नाही येत. म्हणून मला माझं नाव तिथे नको होय गं?" आत्या म्हणाली. "तू नगरीहून आलीस तेव्हा वीत पसरून सांगितलंस, एवढी जागा रिकामी आहे म्हणून. मी त्या दिवसापासून ती जागा रोज बघते. डोळे मिटले की दिसते. रांजण मेला तर दुसरा लावता येतो. ते भोक तुझ्याशिवाय कोण बुजवणार? आण इकडे ते कागद."

कागद आत्यानं आपल्या पेटीत ठेवले आणि ती पेटीवरच बसली. आता ते काढणार कोण?

रंगाऱ्यांमध्ये एक रीत होती. विरजण मागायला आलेल्या रंगाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. रंगारीण पहाटे निघाली आणि ओढ्याच्या काठाकाठानं खालच्या गावी पोचली. तिथल्या म्हाताऱ्या रंगाऱ्यानं तिचं बोलणं ऐकून घेतलं. नंतर तो हसला.

"माझ्या आजानं तुझ्या पणजीकडूनच आणलं होतं हे. तेव्हा आमचा रांजण मेला होता. आमच्याकडे तर त्यानं ताडी पिऊन शेकोटी विझू दिली म्हणतात. तू काय केलंस?"

"ग्रंथ लिहीत होते."

"मग बरं आहे की. ताडीपेक्षा बरंच."

त्यानं मडकंभर विरजण दिलं. तिनं ते गोधडीत गुंडाळून पोटाशी धरून घरी आणलं, धुतलेल्या रांजणात ओतलं, भोवती गोवऱ्यांची धग केली. मग रोज वास घेत राहिली. एका सकाळी पाण्यावर तांब्याची चकाकी आली. बाबांनी डोळे पुसले आणि धूर फार झाला म्हणाले.

तिनं पांढरी चिंधी बुडवली. बाहेर काढली तेव्हा ती हिरवट-पिवळी होती, ओल्या पानासारखी. तिनं ती दोरीवर टाकली. जन्मापासून तिनं हे पाहिलं होतं, पण पाहता पाहता पाहायचं राहून गेलं होतं. आज ती समोर बसून राहिली. वारा लागला आणि चिंधीच्या कडेनं निळी रेघ उमटली. रेघ पसरली. हिरवं सरत गेलं आणि चिंधी निळी झाली.

"अजून फिकी आहे," आत्या म्हणाली. "घाल परत आत आणि राहू दे रात्रभर. होईल गडद."

"नाही होत, आत्या. रात्रभर ठेवलं तर रंग वरवर लागतो, धुतला की जातो. बुडवायचं, बाहेर काढायचं, हवा लागू द्यायची. पुन्हा बुडवायचं. निळं होतं ते बाहेर, वाऱ्यावर."

हे ती रोज गिऱ्हाइकांना सांगायची. आज मात्र सांगता सांगता तिला माळा आठवला. माळ्यावर तिनं स्वतःला रात्रभर रांजणात ठेवलं होतं. आणि त्याआधीचे दोन हंगाम? तेव्हा ती दोरीवर नुसतीच वाळत होती. एकदाही न बुडता. कोरं कापड वर्षभर वाऱ्यावर टांगलं, तरी पांढरंच राहणार.

"आत्या," ती म्हणाली, "पेटीतले ते कागद दे. पाठीमागून कोरे आहेत ते."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात दोऱ्यांच्या खाली एक पाट आला. कापडं बुडवून दोरीवर टाकली की ती पाटावर बसायची आणि कापडं निळी होईपर्यंत लिहायची. कापडं निळी झाली की बोरू ठेवायची आणि उठायची. कधी पान भरायचं, कधी दोनच ओळी व्हायच्या. कुणी आजारी पडलं तर त्या दिवशी एकच ओळ. पण कोरा दिवस ती जाऊ देत नव्हती. आणि रांजण बिघडला किंवा कुणाला बरं नसलं, तर हाक मारायचीच, असं तिनं दोघांना बजावून सांगितलं.

बाकीच्यांचा बंदोबस्त आत्यानं आपल्याकडे घेतला. विहिरीवरच्या बाया गप्पांना आल्या की ती काठी आडवी धरायची. "आत्ता ती बुडलीय. बाहेर आली की बोला."

"मग आम्ही काय नुसतं बसायचं?"

"बसा की. आपसांत भांडा. तिला ऐकू जाईल एवढं मोठ्यानं भांडा, तिला हवंच आहे ते."

बाया हसायच्या आणि खरंच बसायच्या. बांगडीवाली दारावरून गेली की रंगारीण मान वर करून सूर ऐकायची आणि तिथल्या तिथे उतरवून घ्यायची. विहिरीवरचं भांडण पानावर आलं. कुंभाराच्या लेकीचं लग्नही आलं, आणि तिचं लुगडं ठरल्यापेक्षा जरा फिकट झालं तेही आलं. नवरी म्हणाली होती, "फिकट तर फिकट. धुतल्यावर टिकेल ना?" ते टिकलं.

पाडवा आला. मिठाचा व्यापारी दाराशी उभा राहिला. "कुठाय ग्रंथ?"

"वाळतोय," रंगारीण म्हणाली.

तो नुसताच गेला. त्या रात्री तिला फार वाईट वाटलं. एकदा माळ्याकडे नजरही गेली. पण सकाळी कापडं दोरीवर चढली आणि ती पाटावर बसली.

पुढच्या पाडव्याच्या आधी ग्रंथ झाला. तो नगरीत द्यायला ती स्वतः निघाली आणि आत्या हट्टानं बरोबर आली. बाबा रांजणापाशी थांबले. ढवळायला कुंभाराचा जावई येणार होता आणि वासावरून काय घालायचं ते बाबा वर्षभरात तिच्याकडून शिकले होते.

ग्रंथपालांनी ग्रंथ उघडला. पानांच्या कोपऱ्यांवर जागोजागी निळे ठसे होते. "याची स्वच्छ प्रत करून घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली. "ते गावाचेच आहेत."

मग ते उभ्या उभ्याच वाचू लागले. एका पानावर त्यांना हसू आलं. "ही काठी आडवी धरणारी आत्या कोण?"

"ही काय," रंगारीण म्हणाली. आत्यानं पदर सारखा केला आणि भलतीकडे पाहिलं.

ग्रंथ त्या जागेत सहज बसेना. शेजारच्या गावांचे ग्रंथ जरा सरकवावे लागले. आत्या फळीशी गेली. तिनं हात वर करून आपल्या गावाच्या ग्रंथाला बोट लावलं, मग तो जरा ओढून पाहिला. तो हलला नाही.

"घट्ट बसलाय," ती म्हणाली. "चल आता. रांजण वाट बघत असेल."

गोष्टीचं तात्पर्य विचाराल, तर रंगारणीच्या अंगणात आजही सांगतात ते असं: आपल्या आवडीच्या कामात रोज थोडं बुडावं आणि रोज बाहेर माणसांत यावं. जो बुडतच नाही तो कोरा राहतो, जो बाहेर येतच नाही त्याचा रंग टिकत नाही.