लागणेबाईचा रुसवा

फार पूर्वी शब्द गावाबाहेरच्या वडावर राहायचे आणि माणसांनी बोलावलं की धावत जायचे. खोटं वाटत असेल तर वडाला विचारा.

त्यातल्या लागणेबाईला दिवसभर उसंत नसे. कुणाला भूक लागे, कुणाला ठेच, कुणाच्या वेलीला काकड्या, तर कुणाच्या पोराला वेड. किंकर्तव्यमूढराव मात्र वर्षातून एखाद्याच वेळी उपरणं सावरत बाहेर पडत.

एके संध्याकाळी ते म्हणाले, "काय गं, जो बोलावील त्याच्या मागे हिंडतेस. तुझा स्वतःचा अर्थ तरी कुठला?"

 बाई रुसून ढोलीत जाऊन बसली आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी बाहेर येईना. गावात लोक नुसतेच "भूक, भूक" म्हणून पोटावर हात मारत होते.

दुसऱ्या सकाळी तिला दगडूतात्यांचा आवाज ऐकू आला. एकट्या तात्यांना रोज भाकरी आणून देणारी शेजारची चंद्री बिऱ्हाड घेऊन गाव सोडत होती. तात्या बैलगाडीचं चाक धरून उभे होते.

"चंद्रे, मला तुझा लळा..." तात्या अडले.

"लवकर बोला तात्या, ऊन चढतंय," गाडीवान म्हणाला.

बाई ढोलीतून निघाली ती थेट तात्यांच्या ओठांवर.

"...लळा लागलाय गं पोरी."

चंद्री खाली उतरली. "मग एकटे कशाला राहताय? धोतरं घ्या नि बसा गाडीत!"

गाडी वळणाआड जाईपर्यंत बाई डोळे पुसत होती. तेवढ्यात पाटलांच्या घरात कुणाला तरी उचकी लागली, आणि तिला पदर खोचून पळावं लागलं.